सोहनी सरांचा शंभर टक्के निकाल

सोहनी सर कुणालाच नावाने हाक मारत नसत. शेवटच्या परीक्षेत जितके टक्के पडले, तेच त्या मुलाचं नाव. "ए एकोणसत्तर, खिडकी लाव." "चोपन्न, फळा पूस." मी नववीत एक्याऐंशी होते. सहामाहीनंतर अठ्ठ्याहत्तर झाले, तेव्हा पहिल्या दिवशी सर मला हाका मारत होते आणि मला कळतच नव्हतं. मग खडूचा तुकडा आला. "अठ्ठ्याहत्तर, कान घरी ठेवून आलीस काय गो?"

एकदा शाळेत नव्याने आलेल्या बाईंनी त्यांना भीतभीत विचारलं होतं, मुलांना वाईट नाही का वाटत? सर म्हणाले, "अहो, या वाड्यांमधून सगळ्यांची आडनावं एक. नावं पण पाच-सहाच, फिरवून फिरवून ठेवलेली. टक्के तरी वेगळे असतात." आम्ही हसलो होतो. ज्यांचे टक्के बरे होते ते जास्त हसले होते.

मी आता रत्नागिरीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे होस्टेलवर मुली आपापल्या आवडत्या शिक्षकांबद्दल बोलतात तेव्हा मी गप्प बसते. कारण मला इथपर्यंत आणणारे शिक्षक सोहनी सरच आहेत आणि त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला गेलं की माझी जीभ अडते. वाईट बोलायलाही मला खरं तर अधिकार आहे की नाही, कोण जाणे. पण विसरता येत नाही एवढं नक्की, म्हणून लिहिते.

आमची शाळा दापोलीपासून एसटीने दीड तास आत. सर तिथले मुख्याध्यापक. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. शाळा साडेदहाची असली तरी सर साडेसातला हजर. सुट्टी घेतलेली मी कधी पाहिली नाही. शाळेच्या फाटकाशी, चिऱ्याच्या भिंतीवर, एक मोठा निळा चौकोन रंगवलेला होता. त्यात एकाखाली एक सालं आणि प्रत्येक सालासमोर तोच आकडा. १००%. १००%. १००%. पावसाने रंग उडाला की सर स्वतः ब्रश घेऊन उभे राहत. शाळेच्या संडासाला तीन वर्षं दार नव्हतं, पण त्या आकड्यातल्या दोन शून्यांवर कधी ओरखडा दिसला नाही.

सरांची गावाबाहेर आंब्याची कलमं होती. एप्रिल-मेमध्ये आम्हा नववीच्या मुलांना ते पेट्या भरायला बोलवत. आंबे निवडायचं काम मात्र स्वतः करत. एकेक आंबा हातात घ्यायचा, देठाशी बघायचा, फिरवायचा, वास घ्यायचा. बरा असेल तर पेंढ्यात. डाग दिसला, अंग दबलेलं असलं, की डावीकडच्या ढिगात. "कॅनिंगला," एवढंच म्हणत. तो ढीग रस काढणाऱ्या कारखान्याच्या टेम्पोत किलोवर जायचा. एकदा मी एक आंबा उचलून म्हटलं, "सर, ह्याला एवढासाच डाग आहे. आत गोड असेल." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत बोलले होते. "आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. पेटी उघडली की डाग दिसतो. आणि पेटीवर नाव माझं असतं."

नववीचा निकाल लागला की सर शाळेतही हेच काम करत. स्टाफरूममध्ये बसून यादी काढत. दहावीत कोण बसणार आणि कोण नाही. शिक्षकांसमोर ते उघड म्हणत, "ही चार कॅनिंगला." त्या चारांच्या घरी मग निरोप जाई.

याला आमच्याकडे 'सतरा नंबर करणं' म्हणतात. शाळेतून दाखला काढायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून दहावीला बसायचं. ही सोय ज्यांची शाळा मध्येच सुटली अशा लोकांसाठी आहे, असं मी पुढे वाचलं. सरांनी तिचा उपयोग शाळा सोडवण्यासाठी केला. बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. तो नापास झाला तरी भिंतीवरचं शंभर शंभरच राहतं.

आमच्या वर्षी त्या यादीत सुवर्णा होती.

सुवर्णा आमच्या शेजारची. पहिलीपासून एका बाकावरची. सरांच्या हिशेबात ती अठ्ठावीस. गणित तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागायचा, हे खरं आहे. पण वाडीत कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या पंख्यातून वास यायला लागला, की सुवर्णाला बोलावणं यायचं. तिच्याकडे एक टेस्टर होता आणि तो ती दप्तरातच ठेवायची. दापोलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व्हायचं, हे तिचं सातवीपासून ठरलेलं होतं. त्याला दहावी पास लागते. बस, तिला दहावीकडून तेवढंच हवं होतं. पस्तीस मार्क. जास्त नको होते.

नववीतच आमच्या शाळेत 'डिजिटल वर्ग' सुरू झाला. उद्घाटनाला मोठे पाहुणे आलेले, हार, नारळ, सगळं. सरांनी बटण दाबलं. प्रोजेक्टर लागेना. क्लार्कने त्याला दोन चापट्या मारल्या. सरांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मागून सुवर्णा म्हणाली, "सर, प्लगातली वायर सुटलीय, दिसते ना." कुणी काही म्हणायच्या आत ती पुढे गेली, मेन बंद केला, टेस्टर दप्तरात वर्गात राहिला होता म्हणून कुणाच्या तरी कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने स्क्रू सोडवला, वायर बसवली, स्क्रू आवळला. पडद्यावर निळा उजेड पडला. टाळ्या.

पाहुणे खूश झाले. "वा! नाव काय हो या मुलीचं?"

सर म्हणाले, "ही आमची... फार हुशार मुलगी... आमची अठ्ठा..." आणि थांबले. खरंच थांबले. दोन वर्षं ती मुलगी त्यांच्या शाळेत होती आणि त्यांना तिचं नाव आठवेना. शेवटी सुवर्णानेच सांगितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बघ, घामाघूम झाला म्हातारा. वायर बसवून दिली तर नाव विसरला. उद्या ट्यूबलाइट लावून दिली तर मला ओळखायचा पण नाय."

त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या आईला शाळेत बोलावणं आलं.

तिच्या आईला मी काकी म्हणते. काकी एकट्याच गेल्या, कारण सुवर्णाचे बाबा मुंबईला वॉचमन आहेत आणि त्या वर्षी मेमध्ये त्यांना रजा मिळाली नव्हती. मी ऑफिसच्या बाहेर उभी होते. सरांनीच मला थांबवून ठेवलं होतं, का ते तेव्हा कळलं नाही.

सर पालकांशी फार गोड बोलत. काकींना त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "सुवर्णाच्या आई, आम्ही तिला काढत नाही आहोत हो. तिच्या भल्याचं सांगतो. शाळेत रोज यायचं, होमवर्क, चाचण्या, तिला झेपत नाही. घरी बसून निवांत अभ्यास करील. सतरा नंबरचा फॉर्म भरू. बोर्ड तेच, पेपर तेच, सर्टिफिकेट तेच. काही फरक नाही."

काकी म्हणाल्या, "बोर्ड त्येच, पेपर त्येच, सर्टिफिकेट त्येच?"

"अगदी तेच."

"मंग पोरगी हितंच बसली तर काय बिघडतंय?"

सर हसले. "तसं नाही. निकालावर फरक पडतो ना."

"कोनाच्या?"

सरांनी फॉर्म पुढे सरकवला. काकी म्हणाल्या, "मी सही नाय करायची. ह्येंना विचारल्याबिगर नाय." आणि उठून आल्या. ऑफिसातून बाहेर येताना त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "तुला पन काढतायत काय गो?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं हाय." त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग सरांनी मला आत बोलावलं. "तू तिची मैत्रीण ना? जरा समजाव तिला. तुझं ऐकेल. दहावीचं वर्ष आहे, तुला पण शांत वर्ग हवाच की नाही?"

मी गेले समजवायला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण गेले. मी सुवर्णाला सांगितलं की घरी बसून निवांत अभ्यास होईल, सर्टिफिकेट तेच असतं, काही फरक नाही. ती पायरीवर बसून वायर सोलत होती. म्हणाली, "हे तू बोलतेस की सर?" मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, "मग आवाज का त्यांचा येतोय?"

सरांनी दरम्यान मुंबईला फोन लावला होता. त्यांच्याकडे सगळ्या बापांचे नंबर एका वहीत होते. स्वतः मुख्याध्यापकांचा फोन आला म्हटल्यावर सुवर्णाचे बाबा उभे राहूनच बोलले असणार. संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. काकींनी स्पीकर लावला, आम्ही सगळ्या तिथेच होतो. "अगं, सही कर. एवढा शिकलेला मानूस वाईट सांगेल काय? आपल्याला त्यातलं काय कळतंय?" काकी म्हणाल्या, "मला कळतंय." पलीकडून पुन्हा तेच, "कर सही."

काकींनी सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो. त्या दिवशी फार वेळ लागला.

दहावीचं वर्ष सरांचं खरं वर्ष असे. जी मुलं पेटीत राहिली, त्यांच्यासाठी ते काय वाटेल ते करत. हे सांगितलं नाही तर मी खोटं लिहिलं असं होईल. सकाळी साडेसातला जादा तास, एक पैसा न घेता. रविवारी तास. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात मला ताप आला तेव्हा सर स्कूटरवरून आमच्या घरी औषध घेऊन आले. आई भारावून गेली. "सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" नववीच्या वार्षिकनंतर मी परत एक्याऐंशी झाले होते. सर दारातूनच म्हणाले, "एक्याऐंशीला ताप परवडत नाही मला." आई आजही हे वाक्य कौतुकाने सांगते. त्यात सरांचं प्रेम आहे असं तिला वाटतं. मी तिला काही बोलत नाही.

सुवर्णा त्या वर्षी शाळेत मोजून तीन-चार दिवस आली. सतरा नंबरवाल्यांचं संपर्क केंद्र आमचीच शाळा. तोंडी परीक्षेला, प्रात्यक्षिकाला, हॉल तिकीट न्यायला. सरांची सूचना होती की बाहेरच्या मुलांनी वर्गात बसायचं नाही, व्हरांड्यात थांबायचं. 'बाहेरची मुलं' म्हणजे सुवर्णा आणि आणखी तिघं. एक वर्षापूर्वी आमच्याच वर्गात बसलेली. मी तिला माझ्या वह्या द्यायचे. पण वही देणं वेगळं आणि भूमितीची आकृती कुणीतरी समोर काढून दाखवणं वेगळं. मला स्वतःलाच ती सरांनी चारदा दाखवली तेव्हा कळली होती. सुवर्णाला कोण चारदा दाखवणार? दुपारभर ती काकींबरोबर काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. घरीच तर असते, असं सगळे म्हणायचे.

निकाल लागला. शाळेचा शंभर टक्के. मला शहाऐंशी. सरांनी मला पेढा भरवतानाचा फोटो स्थानिक पेपरात आला. त्यात मी हसते आहे. सुवर्णाला गणितात एकवीस; विज्ञानाच्या मार्कांत मिळवून पास व्हायलाही पंचवीस लागतात, चार मार्क कमी. बाकी सगळ्या विषयांत ती पास, आणि विज्ञानात तर आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांपेक्षा जास्त.

मी तिला म्हटलं, जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, एकच विषय आहे, या वेळी मी रोज बसते तुझ्याबरोबर. आम्ही खरंच बसलो. सकाळ-संध्याकाळ. काटकोन त्रिकोण तिला मी घराच्या वाशांवरून शिकवला आणि तो तिला पटकन कळला. "हे असं का नाही सांगत कोण?" म्हणाली. या वेळी ती पास होणार, हे मला दिसत होतं.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघी फॉर्म भरायला शाळेत गेलो. क्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "पुरवणीचा फॉर्म? त्याची तारीख गेली ना."

"कधी?"

"परिपत्रक आलं होतं." त्यांनी फाइल काढली, त्यात खरोखर होतं. "अगं, आपल्याकडे कोण नापास होतंच नाही, तर पुरवणीचा फॉर्म भरायची वेळच येत नाही. मी आपलं फाइलला लावून टाकलं."

ते वाईट मनाने बोलत नव्हते. मला तेच जास्त भयंकर वाटलं. जिथे नापास होणारं माणूसच कागदावर नव्हतं, तिथे त्याच्यासाठीचा कागद कुणी वाचणार कशाला? आम्ही सरांकडे गेलो. सर म्हणाले, "अरेरे. पण ती आता तांत्रिकदृष्ट्या आपली विद्यार्थिनी नाही. तिने चौकशी करायला हवी होती." सुवर्णा त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सर, मी चौकशी करायला व्हरांड्यातच थांबले होते." मग पाठ फिरवून चालू लागली. मी मात्र "येते सर" म्हणून त्यांच्या पाया पडले. सवय. दुसरं काय सांगू?

त्या वर्षीचा आयटीआय गेला. पुढच्या मार्चचा फॉर्म भरायच्या वेळी ती चिपळूणला एका वायरिंगच्या ठेकेदाराकडे कामाला लागली होती. अजून तिथेच आहे. तिच्या हाताखाली जे सर्टिफिकेटवाले येतात त्यांना काम ती शिकवते, आणि पगार त्यांना तिच्यापेक्षा जास्त मिळतो. मी विषय काढला की म्हणते, "बसेन गो कधीतरी." मी जास्त बोलत नाही. 'निवांत अभ्यास कर' हे मी तिला एकदा सांगून झालं आहे.

गेल्या जूनमध्ये मी घरी गेले होते. सुवर्णाही दोन दिवस आली होती. आम्ही त्यांच्या पडवीत बसलो होतो. तिची धाकटी बहीण दीक्षा नुकतीच सातवी झाली होती. इतक्यात खालच्या पाणंदीतून छत्री काखेत धरून सोहनी सर चढून येताना दिसले.

आमच्या वाडीत सर यापूर्वी कधी आले असतील तर ते माझ्या औषधाच्या वेळीच. आता का आले, ते आम्हाला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. शाळेचा पट घसरला होता. आधीच माणसं मुंबईला जातात, पोरं नेतात. त्यात दर वर्षी चार-पाच कॅनिंगला. ज्यांची थोरली काढली, त्यांनी धाकटी पाठवलीच नाहीत, पलीकडच्या गावच्या शाळेत घातली. त्या शाळेचा निकाल कधी सत्तर, कधी पंचाहत्तर. आता आमच्या शाळेत वर्ग बंद होणार, शिक्षक कमी होणार, असं चाललं होतं. सरांचं निवृत्तीचं शेवटचं वर्ष. ते घरोघर आठवीसाठी मुलं मागत फिरत होते.

सर पडवीत टेकले. दम लागला होता. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "शहाऐंशी! कॉलेजात ना तू? बघा सुवर्णाच्या आई, आमच्या शाळेची मुलगी." सुवर्णाकडे त्यांनी पाहिलं आणि नजर पुढे दीक्षाकडे नेली. ओळखलं नाही की ओळखलं, मला सांगता येणार नाही.

"धाकटीला आमच्याकडे पाठवा. सायकल देतो, पुस्तकं देतो. शाळेचा निकाल तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत हाय," काकी म्हणाल्या. त्या तांदूळ पाखडत होत्या, सूप खाली ठेवलं नाही. "हुशार नाय हो ती. थोरलीसारकीच हाय."

"असू दे, असू दे. आम्ही करून घेऊ."

"दहावीपर्यंत ठेवाल?"

"म्हणजे काय!"

"नाय, तसं नको. एका कागदावर लिवून द्या. हिला गनितात कितीबी कमी पडूदेत, दहावीला शाळेतनंच बसवीन, म्हनून. सही करा. आनि मी उद्यापासून पाठवते."

सुवर्णा उठली, आत जाऊन दीक्षाच्या वहीतलं एक पान फाडून आणलं आणि सरांसमोर ठेवलं. सरांच्या खिशाला दोन पेनं होती. त्यांनी त्यातलं एक काढलंसुद्धा. टोपण उघडलं. मला वाटलं, आता लिहितील. एक पोर मिळालं तर एक वर्ग वाचेल, असे दिवस होते ते. मी मनातल्या मनात म्हणत होते, लिहा सर, एकदाच लिहा.

सर त्या कोऱ्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग टोपण लावलं.

"असं मला लिहून देता येणार नाही," ते म्हणाले. आवाज एकदम साधा होता. पालकांशी बोलतानाचा तो गोड आवाज नव्हे. मला वाटतं, त्या माणसाने खरं बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

काकींनी सूप झटकलं. "मंग पानी प्या आनि उतरा जपून. वाट निसरडी हाय."

सर पाणी प्याले, तांब्या नीट बाजूला ठेवला आणि उठले. दीक्षाने विचारलं, "ताई, मी कुठल्या शाळेत जानार?" सुवर्णा म्हणाली, "पलीकडच्या. चालायला जास्त हाय, पन जायचं." आणि पायरीवर बसून तिच्या केसांचे पेड घालायला लागली.

मी सरांना पोचवायला उठले नाही. तिथूनच पाहिलं. ते आमच्या घराकडे वळले नाहीत, तिथे आता शिकायचं कुणी उरलेलं नाही, हे त्यांना माहीत असावं. ते वरच्या घराकडे गेले. अंगणाच्या कडेला थांबून त्यांनी बुशशर्टाची कॉलर सारखी केली, घसा खाकरला आणि परत तो गोड आवाज काढून हाक मारली, "आहे का कोणी घरात?"

आत माणसं होती. कुणी ओ दिली नाही.